मुलाखतीला पोरगं नंतर पोहोचतं, त्याचं स्टेटस आधी

मुलाखतीचे पत्र आले की आपल्या घरात काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शर्टाला इस्त्री होते. मार्कशीटच्या झेरॉक्स निघतात. अम्मी नमाजनंतर दुआला हात उचलते आणि अब्बा कुणा ओळखीच्या माणसाला फोन लावून "तिथले साहेब कसे आहेत हो?" असे विचारतात. आम्ही शिक्षक लोक दोन-चार प्रश्नांची तयारी करून घेतो, "आत गेल्यावर खुर्चीवर लगेच बसू नकोस" असे बजावतो. एवढी सगळी तयारी होते, पण मुलाच्या हातातल्या मोबाईलकडे कुणाचे लक्ष जात नाही. समोरचा माणूस मात्र फाईल उघडण्याआधी मुलाचे नाव इंटरनेटवर टाकून बघतो.

आमच्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाचे सांगतो. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी झालेला, घरची परिस्थिती बेताची, एका कारखान्यात मुलाखत. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे त्याने बरोबर दिली. शेवटी विचारले गेले, "इन्स्टाग्रामवर आहेस का? कोणत्या नावाने?" पोराने सांगितले. त्या खात्यावर काय होते? कोल्हापूरच्या फुटबॉल हंगामात समोरच्या पेठेच्या संघाला दिलेल्या शिव्या, रात्री दोनला टाकलेली एक धमकीवजा रील आणि दुचाकीवर उभे राहून काढलेला फोटो. निवड झाली नाही. कारण तेच होते असे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही, कारण त्याला कुणी काही कळवलेच नाही. आणि खरी अडचण तीच आहे. मार्क कमी पडले तर कळते. मोबाईलमुळे गेले तर कधीच कळत नाही.

मात्र आपल्या समाजापुरता हा विषय नोकरी हुकण्यावर थांबत नाही. आपल्या पोरांचे स्टेटस साहेबांच्या टेबलावर पोहोचण्याआधी कधी कधी पोलीस ठाण्यात पोहोचते. म्हणून "मुलाखतीच्या आदल्या रात्री खाते साफ कर" एवढा सल्ला आपल्याला पुरत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले प्रकरण

ऑगस्ट 2022. हातकणंगले तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवणारे मूळचे काश्मीरचे एक प्राध्यापक. पालक आणि शिक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ते होते. त्यांनी आपल्या स्टेटसवर दोन गोष्टी ठेवल्या. 5 ऑगस्ट, म्हणजे कलम 370 रद्द झाले तो दिवस, जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, ही एक. आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, ही दुसरी. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. कलम लागले 153-अ, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवण्याचे.

प्राध्यापक मुंबई उच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2023 मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. मग सर्वोच्च न्यायालय. 7 मार्च 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, दुसऱ्या देशाच्या लोकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे म्हणजे वैर पसरवणे नव्हे, आणि एखादा माणूस विशिष्ट धर्माचा आहे एवढ्यावरून त्याच्या मनात वाईट हेतू होता असे धरता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पोलीस यंत्रणेलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावण्याची वेळ आली आहे, असेही म्हटले.

हा निकाल प्रत्येक घरात माहीत असायला हवा, कारण तो आपला हक्क सांगतो. पण तारखा पुन्हा बघा. ऑगस्ट 2022 ते मार्च 2024. जवळपास एकोणीस महिने. कमावत्या, शिकलेल्या माणसाला आपला हक्क मिळवायला हातकणंगल्यापासून दिल्लीपर्यंत जावे लागले. चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे स्टेटस, आणि त्यापायी एकोणीस महिने कोर्ट. बावीस वर्षांच्या पोराच्या आयुष्यात एकोणीस महिने म्हणजे कॅम्पस प्लेसमेंटचे एक पूर्ण वर्ष आणि वर आणखी काही.

त्यानंतरचा जून 2023 कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. 6 जूनला काही तरुणांच्या मोबाईल स्टेटसवरून शहरात तणाव झाला. 7 जूनला बंद पुकारला गेला, छत्रपती शिवाजी चौकात गर्दी जमली, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट बंद झाले. ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचा संबंध नव्हता, अशांच्या दुकानांवर आणि गाड्यांवर दगड पडले. दगड मारणाऱ्यांचा दोष आम्ही स्टेटसच्या माथी मारत नाही. कायदा हातात घेणारा स्वतःच्या कृत्याला स्वतः जबाबदार. पण जोशात ठेवलेल्या एका स्टेटसची किंमत ते ठेवणारा एकटाच भरत नाही, हेही त्या दिवशी आपण डोळ्यांनी पाहिले.

पुण्याची मुलगी: दोन तासांत डिलीट, तरीही

आणखी एक उदाहरण मे 2025 चे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारी एकोणीस वर्षांची काश्मिरी मुलगी. ऑपरेशन सिंदूरच्या काळात तिने दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. चूक लक्षात येताच दोन तासांच्या आत डिलीट केली, माफीही मागितली. तरीही कॉलेजने तिला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली आणि ती येरवड्याला गेली. परीक्षा तोंडावर होत्या. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्या असे सांगितले. एका विद्यार्थिनीला गुन्हेगार बनवायला निघालात काय, अशा अर्थाची कडक विचारणा न्यायालयाने सरकार आणि कॉलेज दोघांनाही केली. तिची बाजू ऐकून न घेताच कॉलेजने तिला काढले होते, यावरही बोट ठेवले.

हातकणंगले आणि पुणे ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, "मी डिलीट केले" हे उत्तर पुरत नाही. तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. दुसरी, "मी लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले" हेही पुरत नाही. तिसरी, न्यायालयात दिलासा मिळतो, पण तो मिळेपर्यंत जे जायचे ते गेलेले असते. सूरह हुजुरातमध्ये आपल्याला शिकवले आहे की कुणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आपण हे तकरीरमध्ये ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरता उतरता तीन मेसेज फॉरवर्ड करतो.

कोण बघते, कुठे बघते

पालकांच्या मनात उगाच भीती नको, म्हणून हे नीट समजून घेऊ. आपल्याकडे इंजिनिअरिंग, फार्मसी यांचे प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात, मेडिकलचे नीटवर. तिथे यादी लावताना कुणी इन्स्टाग्राम बघत नाही. पण जिथे माणूस समोर बसवून निवड होते, तिथे गोष्ट वेगळी. आयआयएमसारख्या संस्थांची एमबीए मुलाखत, अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणची मुलाखत, कॉलेजातले कॅम्पस प्लेसमेंट, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या कंपन्या, पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्या. अमेरिकेत करिअरबिल्डर या कंपनीच्या 2018 च्या पाहणीत 70 टक्के मालकांनी सांगितले होते की उमेदवाराचे सोशल मीडिया आम्ही तपासतो. हार्वर्ड विद्यापीठाने तर 2017 मध्ये प्रवेश दिलेल्या दहाएक मुलांचे प्रवेश रद्द केले, कारण त्यांनी एका खासगी फेसबुक ग्रुपमध्ये घाणेरडे विनोद टाकले होते. ग्रुप खासगी होता, आतल्याच कुणीतरी बाहेर काढले.

सरकारी नोकरीत मुलाखतीनंतर चारित्र्य पडताळणी असते. पोलीस भरती असो, बँक असो की शिक्षकाची नोकरी, गुन्हा नोंद आहे का हे बघितले जाते. नोकरी लागल्यानंतरही प्रश्न संपत नाही. महाराष्ट्र सरकारने जुलै 2025 मध्ये परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना सांगितले की वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा आणि सरकारच्या धोरणांवर सोशल मीडियावर टीका करू नका. जी मुले एमपीएससीची तयारी करत आहेत त्यांनी हे आताच वाचून ठेवावे.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक झाले. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावे 2019 पासून भरावी लागतात. जून 2025 मध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितले, आणि डिसेंबर 2025 पासून नोकरीच्या एच-1बी व्हिसालाही तेच लागू केले. म्हणजे "खाते प्रायव्हेट केले, आता चिंता नाही" हा उपायही तिथे चालत नाही. खाते लपवले आणि नंतर सापडले, तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

आखातात आपली कितीतरी माणसे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत एप्रिल 2020 च्या सुमारास मुसलमानांविरुद्ध विखारी पोस्ट टाकणाऱ्या काही भारतीयांना कंपन्यांनी नोकरीवरून काढले, आणि भारताच्या राजदूतांना जाहीरपणे आठवण करून द्यावी लागली की भेदभावाला तिथला कायदा थारा देत नाही. तेव्हा आपल्यातले बरेच जण खूश झाले होते. पण तो नियम सगळ्यांना सारखाच आहे. उद्या आपल्या पोराने दुसऱ्या धर्माबद्दल वेडेवाकडे लिहिले तर तोच कायदा त्याच्यासाठीही उभा आहे, आणि उभा असायला हवा.

मग आपल्याच पोरांनी गप्प बसायचे काय?

हा प्रश्न वर्गात मुले आम्हाला विचारतात, आणि तो खोटा नाही. "सर, शेजारच्या पोराने तलवारीसोबत स्टेटस ठेवले तर चालते, आम्ही साधा शेर ठेवला तरी विचारतात." एकाच प्रकारच्या पोस्टची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे आम्हाला दिसते. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. हातकणंगल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक जुनी कसोटी पुन्हा सांगितली. ती मूळ 1946 सालची, नागपूर उच्च न्यायालयाची. शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने मोजावा. प्रत्येक गोष्टीत धोका शोधणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाच्या नजरेने नव्हे. ही कसोटी आपल्या बाजूची आहे.

पण आम्ही शिक्षक आहोत. न्याय काय असावा हे सांगणे आमचे काम आहे, तसेच आज रस्त्यात खड्डा कुठे आहे हे दाखवणेही आमचेच काम. म्हणून मुलांना आम्ही दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करायला सांगतो. एक मत, आणि दुसरा जोश. "पंचगंगेचे पाणी इतकी वर्षे का घाण आहे?", "आमच्या मोहल्ल्यात शाळेची खोली का मिळत नाही?", "शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही?" हे मत आहे. ते नावानिशी, सभ्य भाषेत, पुराव्यासह जरूर लिहावे. मुलाखत घेणाऱ्या चांगल्या माणसाला त्यात विचार करणारा तरुण दिसतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा फोटो, खाली डायलॉगबाजीचे गाणे आणि "बाप आला" असले काहीतरी, हा जोश. त्यातून ना इतिहास कळतो, ना दीन वाढतो, ना समाजाचे एकही काम होते. स्वतःच्या अब्बांसमोर, वर्गशिक्षकांसमोर आणि दुसऱ्या धर्माच्या मित्रासमोर जे मोठ्याने वाचून दाखवता येईल तेच टाकायचे, एवढे माप पुरेसे आहे.

घरात बसून काय करता येईल

सहा महिने आधी सुरू करावे, आदल्या रात्री नव्हे. आम्ही मुलांकडून करून घेतो ते असे.

पहिले काम, स्वतःला शोधणे. मित्राच्या मोबाईलवरून किंवा लॉगआउट होऊन स्वतःचे नाव गुगलवर टाका. मराठीत, इंग्रजीत, आणि मोबाईल नंबर व ईमेल टाकूनही. आपल्याकडे यात एक खास अडचण असते. शेख, मुल्ला, मुजावर, बागवान, अत्तार ही आडनावे हजारोंची. शेखचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, मार्कशीटवर दुसरे, खात्यावर तिसरे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरी. मग होते काय, कुणा दुसऱ्याच माणसाची बातमी आपल्या पोराच्या नावाखाली दिसते. उपाय सोपा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे तेच पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सगळीकडे ठेवायचे.

दुसरे, जुने आवरणे. इन्स्टाग्रामवर पोस्ट काढून न टाकता आर्काइव्हमध्ये ठेवता येते. काढून टाकली तरी ती तीस दिवस "नुकतेच हटवलेले" मध्ये असते, तिथूनही काढावी लागते. फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी टॅग केलेले फोटो बघा आणि टॅगसाठी आधी परवानगी लागेल असे करून ठेवा. कोणत्या पानांना फॉलो करतो, कोणत्या ग्रुपमध्ये आहोत, तेही बघा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ओढून घातलेल्या ग्रुपमध्ये आज काय चालले आहे, हे निम्म्या पोरांना माहीत नसते. आपल्याला कोण ग्रुपमध्ये घालू शकते, हे व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. घरातल्या आणि जमातीच्या ग्रुपच्या अॅडमिनना एक दिलासा: सदस्याने काहीही टाकले म्हणून अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्याचा त्यात सामील हेतू दिसला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले आहे. तरीही वाईट मेसेज दिसला तर तो लगेच काढणे आणि टाकणाऱ्याला समज देणे हे अॅडमिनचे कामच आहे.

तिसरे, बारीकसारीक गोष्टी. "डेंजर", "किंग", "भाईजान लव्हर" असले ईमेल अर्जावर लिहून पाठवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ट्रूकॉलरवर पोराचे नाव काय दिसते ते बघा. एचआरचा फोन गेला की त्यांना तेच दिसते. डीपी साधा ठेवा.

चौथे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे: रिकामी जागा भरणे. वाईट काढून टाकले म्हणजे चांगले आपोआप दिसत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपली कितीतरी मुले बोटीतून, ट्रॅक्टरवरून लोकांना काढत होती, जेवणाची पाकिटे वाटत होती. त्याची एक नीट ओळ त्यांच्या लिंक्डइनवर आहे काय? डिप्लोमाचा प्रोजेक्ट, वेल्डिंगचे काम, शिवलेला ड्रेस, लहान मुलांची घेतलेली शिकवणी, उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा येणे, हे सगळे दाखवण्यासारखे आहे. महिन्याला एक पोस्ट पुरे. बढाई नको, केलेले काम सांगायचे.

मुलींचा प्रश्न

मुलींच्या बाबतीत आपल्या घरांत सरळ उत्तर असते: "खातेच नको." या भीतीला कारण आहे. 2021 च्या जुलैमध्ये आणि 2022 च्या पहिल्याच दिवशी, दोन वेळा, मुस्लिम महिलांचे फोटो उचलून ॲपवर त्यांचा "लिलाव" मांडण्याचा नीचपणा झाला. दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांनी तपास केला, तेव्हा पकडले गेलेले बहुतेक जण विशीतले किंवा त्याहून लहान विद्यार्थी निघाले. एकाला तर त्याच्या कॉलेजने निलंबित केले. दुसऱ्याच्या बहिणींची अब्रू उधळणाऱ्यांचे स्वतःचे शिक्षण त्याच मोबाईलने अडवले.

पण म्हणून आपल्या मुलीने अदृश्य व्हायचे काय? फोटो न टाकताही ऑनलाइन ओळख तयार होते. लिंक्डइनला फोटो सक्तीचा नाही. नाव, शिक्षण, प्रोजेक्ट, प्रमाणपत्रे, शिक्षकांनी लिहिलेली शिफारस, एवढे असले तरी चालते. हिजाबमधला साधा फोटो ठेवायचा असेल तर तोही ठेवावा. ठरवू द्या तिला. घरचा पत्ता, मोबाईल नंबर आणि जन्मतारीख मात्र कुठेही उघडी नको. बीफार्म झालेल्या हुशार मुलीचे नाव टाकल्यावर इंटरनेटवर काहीच सापडत नसेल आणि तिच्याइतक्याच मार्कांच्या दुसऱ्या मुलीचे तीन प्रोजेक्ट दिसत असतील, तर बोलावणे कुणाला येईल? इज्जत जपायची आहेच, पण तिच्या मेहनतीची नोंदही जपली पाहिजे.

फॉर्मवर खोटे नको

इतके करूनही एखाद्या मुलावर गुन्हा नोंद असेल तर? बरेच पालक सांगतात, "फॉर्मवर काही लिहू नको, कुणाला कळतंय?" ही मोठी चूक आहे. 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोकरीच्या पडताळणी अर्जात दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे. त्याच निकालात मुलांच्या बाजूचे एक वाक्यही आहे: तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ मामला असेल, तर मालकाने तो पोटात घालण्याचा विचार करावा. किरकोळ गुन्ह्याने कदाचित नोकरी वाचेल, लपवालपवीने बहुधा जाईल. आणि मूल अठराच्या आतले असेल तर बाल न्याय कायदा 2015 चे कलम 24 त्याला संरक्षण देते. त्या वयातल्या चुकीमुळे सर्वसाधारणपणे पुढे अपात्रता लागत नाही. वकिलाला विचारूनच फॉर्म भरा.

मुलाखतीतही तसेच. जुनी पोस्ट समोर ठेवली तर "खाते हॅक झाले होते" हे ठरलेले खोटे बोलू नका. "सर, ती पोस्ट माझीच. तेव्हा सतरा वर्षांचा होतो, भाषा चुकीची होती, म्हणून मी ती काढली." एवढे बोलून थांबावे. चूक मान्य करणाऱ्या पोराला आम्ही वर्गात माफ करतो, साहेब लोकही करतात.

आणि तक्रार झालीच तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. तक्रारीआधी स्वतःचे खाते आवरणे वेगळे आणि तक्रारीनंतर पुरावा पुसणे वेगळे. दुसऱ्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली वेगळा गुन्हा लागू शकतो. जुन्या 153-अ च्या जागी आता कलम 196 आहे आणि त्यात साधारणपणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा गुन्ह्यांत सरसकट अटक न करता आधी नोटीस देऊन बोलावावे, असे कायदा आणि सर्वोच्च न्यायालय दोघेही सांगतात. नोटीस आली तर पळू नका, वकिलासह हजर राहा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 हा क्रमांक मोफत आहे. गुन्हा रद्द करून घ्यायला आता मुंबईला हेलपाटे घालायची गरज नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

मोहल्ल्याचे काम

एक गोष्ट आपण सगळ्यांनी थांबवायला हवी. दुसऱ्याच्या पोराचे वेडेवाकडे स्टेटस दिसले की आपण स्क्रीनशॉट काढून चार ठिकाणी पाठवतो, "बघा, अमक्याचा मुलगा." दीनने आपल्याला दुसऱ्याचा ऐब झाकायला सांगितले आहे, चव्हाट्यावर मांडायला नव्हे. पोराला किंवा त्याच्या अब्बांना फोन करा, "बेटा, ते काढ" एवढे म्हणा. जून 2023 च्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी असा एक फोन केला असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही.

छत्रपती शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, बोर्डिंगची सोय केली. गरिबाच्या पोराला कोल्हापुरात राहायला छप्पर नाही म्हणून त्याचे शिक्षण थांबू नये, हा त्यामागचा विचार. आज छप्पर आहे, कॉलेज आहे, मोबाईलही आहे. तरीही त्याच मोबाईलवरच्या एका चुकीने शिक्षण थांबू शकते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. निकालानंतरच्या सुट्टीत एक रविवार, मोहल्ल्यातला एक हॉल, एक वकील, एक कंपनीत काम करणारा भाऊ किंवा बहीण, एक शिक्षक, आणि दहावीच्या पुढची सगळी मुले-मुली मोबाईल हातात घेऊन बसलेली. दोन तासांत प्रत्येकाने आपले नाव शोधायचे, जुने आवरायचे, नवीन एक ओळ लिहायची. आम्ही आमच्या शाळेत हे सुरू केले आहे. पहिल्या वेळी मुले लाजली, दुसऱ्या वेळी स्वतःहून मोबाईल पुढे करू लागली.

आज रात्री जेवणानंतर एवढेच करा. पोराला शेजारी बसवा, ओरडू नका, आणि म्हणा, "बेटा, तुझे नाव टाकून बघू या काय दिसते." मग आपलेही नाव टाकून बघा. बरेचसे फॉरवर्ड आपल्याच मोबाईलवरून गेलेले असतात.